नाकातलं हं

दिग्विजय खंडारे याने आजवर एकही दिशा जिंकलेली नाही. नाव ठेवताना वडिलांनी फार लांबचा विचार केला होता. मुलगा मात्र वाशिम जिल्ह्यातून निघाला, वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गटांगळ्या खाऊन बाहेर पडला आणि कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन टेकला, तो आजतागायत तिथेच आहे. पोटासाठी तो लग्नांचं शूटिंग करतो. नवरी मेंदीचे हात चेहऱ्यासमोर धरून बोटांच्या फटीतून लाजत बघते, तो प्रकार पुण्यात रुजवणाऱ्यांपैकी आपण एक आहोत, असं तो सांगतो आणि वर आपणच म्हणतो, "या पापाला प्रायश्चित्त नाही."

दिसायला तो बेताचा, उंचीने बेताचा, बोलण्यात तर फारच बेताचा. त्याच्यात दखल घेण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्याचं हं.

हे हं त्याला वडिलांकडून मिळालं. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि जेवणं झाली की पोरांना गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीला हुंकार द्यावा लागे. बाकीची भावंडं राजा शिकारीला निघायच्या आतच झोपून जात, त्यामुळे ते खातं दिग्विजयकडे आलं. त्यालाही डुलकी लागली की वडील थांबत. "हुं म्हन बाप्पा, नाही तं राजा जंगलातच राहीन." राजाला आपल्यामुळे जंगलात उपाशी राहावं लागू नये, या जबाबदारीने पोरगं झोपेतसुद्धा हं म्हणायला शिकलं. पुढे वडील गेले, राजे गेले, हं तेवढं राहिलं. कर्ज हवंय का असं फोनवर विचारणाऱ्या मुलीला तो हं म्हणतो. दातांचा डॉक्टर तोंडात यंत्र घालून आपल्या परदेशवारीबद्दल बोलत असतो, त्यालाही म्हणतो. त्यात पुण्याच्या धुळीने त्याचं नाक कायमचं चोंदलेलं. त्यामुळे ते हं तोंडातून न येता खोल नाकातून, फुरफुरत येतं.

"हो म्हणताय की नुसताच श्वास घेताय?" असं त्याची बायको दीपमाला विचारते. ती जन्मापासूनची पुण्याची आहे, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि कोणाचीही भीड ठेवत नाही. या हंचा तिने फायदा उठवला आहे, हे तीच कबूल करते. एकदा तो एडिटिंग करत असताना तिने विचारलं, सोफा बदलू या का? तो हं म्हणाला. रविवारी सोफा दारात. लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. बघायच्या कार्यक्रमात सासरे आपल्या बदल्यांची हकिगत सांगत होते, दिग्विजय मन लावून हुंकार देत होता, आणि त्या ओघातच त्यांनी विचारून टाकलं, "मग मुलगी पसंत समजायची ना?" दिग्विजय सांगतो, "पसंतच केली असती हो मी. पण विचार करायला अर्धं मिनिट मिळालं असतं, तर जरा बरं दिसलं असतं."

चाळिशी आली तसं त्याला वाटू लागलं, की आयुष्यात एक तरी फिल्म अशी करावी, जिच्यात नवरदेव गॉगल लावून उडी मारत नाही. त्याने शनिवार-रविवारच्या एका माहितीपट कार्यशाळेत नाव घातलं. शिकवणारे समर्थ सर त्याच्याहून बरेच लहान होते, परदेशात शिकून आलेले, दाढी मात्र वयापेक्षा मोठी. त्यांनी निरीक्षणात्मक माहितीपट म्हणजे काय ते सांगितलं. प्रश्न विचारायचे नाहीत. निवेदन नाही, संगीत नाही. समोर जे घडतंय ते घडू द्यायचं, कॅमेरा धरायचा आणि तोंड मिटायचं.

"तुम्ही तिथे नाहीच आहात," सर म्हणाले. "भिंत व्हा."

"हं," दिग्विजय म्हणाला.

वर्षअखेरीला कार्यशाळेतल्या लोकांच्या फिल्म एका छोट्या सभागृहात दाखवणार होते, पण सर ज्यांना होकार देतील त्यांच्याच. दिग्विजयला तिथे आपली फिल्म लागलेली बघायची होती. बक्षीस नको, वर्तमानपत्रात नाव नको, नुसती लागलेली बघायची. इतक्या मनापासून त्याने आजवर काही मागितलं नव्हतं, परीक्षेतले मार्कसुद्धा नाही. घरी येऊन त्याने भिंत व्हायची गोष्ट दीपमालाला सांगितली.

"भिंतीला कान असतात, इतकं ऐकलं होतं," ती म्हणाली. "नाक असलेली भिंत मी तरी पहिल्यांदाच बघणार."

विषय शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. लग्नांच्या धंद्यातली त्याची चांदभाईंशी ओळख होती. चांदभाई येरवड्याचे. नवरदेवाला बसायला घोडी पुरवणं हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा व्यवसाय. एके काळी त्यांच्याकडे बऱ्याच घोड्या होत्या, आता एकटी बिजली उरली होती. पांढरी, वयस्क आणि बहुधा पुण्यातली सर्वांत संथ घोडी. तेच तर तिचं भांडवल होतं. वरातीला घाई करून चालत नाही. कोपऱ्यावरचं कार्यालय गाठायलासुद्धा दोन दोन तास लागतात, कारण नवरदेवाच्या मामाला नाचायचं असतं. तेवढा वेळ बिजली डोळे मिटून उभी राही. तिचं नाव कळलं तेव्हाच दिग्विजयला तिच्याबद्दल आपलेपणा वाटला होता. दोघांचीही नावं ठेवणारे सपशेल चुकले होते.

अलीकडे मात्र नवरदेव उघड्या जीपमधून यायला लागले होते. डीजेच्या दणक्याने बिजली बुजायची, थंडीत तिचे गुडघे धरायचे. घराशेजारच्या ज्या मोकळ्या जागेत तिला बांधत, तिथेही पत्रे ठोकले जात होते. चांदभाईंचा मुलगा फैझल विमानतळावर टॅक्सी चालवतो, तो सारखा म्हणायचा, "अब्बा, अब बस करो." वाघोलीच्या पुढे हिंमतराव नावाच्या एका गृहस्थांनी शाळांच्या सहलींसाठी बाग काढली होती. मुलांना चक्कर मारून आणायला त्यांना गरीब घोडी हवी होती आणि ते बिजलीला मागत होते. चांदभाई होही म्हणत नव्हते आणि नाहीही. त्यांचं काय ठरतंय, हीच आपली फिल्म, असं दिग्विजयने ठरवून टाकलं.

लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी तो येरवड्याला जाई. चांदभाई बिजलीला खरारा करत आणि बोलत. त्यांची बायको नसीमबानू गेल्यापासून ते घरात मोजकंच बोलायचे, हे त्यांची सून आयेशाच सांगे. पण घोडीपाशी उभे राहिले की त्यांची टकळी सुरू. कुठल्या वरातीत नवरदेव उलट्या तोंडाने बसला, कुठे वऱ्हाडी आधी जेवून गेले आणि नवरी वाट बघत राहिली, नसीमबानू बिजलीसाठी कशी गुळाचा खडा पदरात लपवून आणायची आणि नवऱ्याच्या चहात मात्र साखर मोजून घालायची. शेवटचं सांगताना ते हसत आणि मग खरारा जरा जोरात फिरवत. कॅमेऱ्यामागून दिग्विजय सगळं ऐकत राही. आपण अगदी गप्प असतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"माझ्यात काहीतरी आहे बघ," घरी आल्यावर तो दीपमालाला म्हणे. "माणसं माझ्यापाशी मन मोकळं करतात."

"सोफ्यावर बसून बोला," ती म्हणे. "आणलाय तर वापरा."

एका सकाळी चांदभाई नुसताच खरारा फिरवत राहिले. मग त्यांनी खरारा खाली ठेवला, बिजलीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि म्हणाले, "मग काय, जायचं का वाघोलीला?" पुढे दोनेक आठवड्यांत हिंमतरावांचा टेम्पो आला. फळीवरून बिजली मुकाट वर चढली, कधी नव्हे ती चटकन. चांदभाई टेम्पोकडे पाठ करून तिच्या बादलीत पाणी भरत राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. दिग्विजयने ते सगळं टिपलं आणि बसने घरी येताना त्याला रडू आलं. शेजारच्या माणसाने त्याला खिडकीची जागा देऊ केली.

वर्षभराचं चित्रीकरण जोडून त्याने तासाभराची फिल्म बांधली आणि समर्थ सरांना दाखवली. सरांनी ती शेवटपर्यंत बघितली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "चांदभाई अप्रतिम. घोडी अप्रतिम. पण हा तिसरा कोण?"

"तिसरा कोण?"

"दर वाक्याला हं म्हणणारा."

"हं," दिग्विजय म्हणाला.

"हाच," सर म्हणाले. "याला पूर्ण बाहेर काढा. मग बघू, दाखवायची की नाही ते."

दिग्विजय घरी बसून हं काढायला लागला. काम तांदूळ निवडण्यासारखं होतं. काही हं सुटी होती, ती चटकन सापडत. काही चांदभाईंच्या शब्दांना चिकटलेली, ती हलक्या हाताने खरवडावी लागत. कानाला हेडफोन लावून दिवसचे दिवस स्वतःचं नाक ऐकणं ही काय शिक्षा आहे, ते त्याला कळलं. आश्चर्याचं हं वेगळं, सहानुभूतीचं वेगळं, आणि दुपारी बारानंतरची सगळी भुकेची.

"इतकी वर्षं लोकांनी मला सहन कसं केलं असेल?" त्याने विचारलं.

"नाइलाज," चहाचा कप ठेवत दीपमाला म्हणाली.

निवडता निवडता तो त्या सकाळपाशी आला. पडद्यावर चांदभाईंची पाठ, बिजलीची मान. "मग काय, जायचं का वाघोलीला?" मग थोडी शांतता. आणि त्या शांततेत एक ठसठशीत, नाकातलं हं.

त्याचा माउसवरचा हात थांबला. मराठीत ‘जायचं का’ला कर्ता लागत नाही. कोणी जायचं, कोण कोणाला विचारतंय, सगळं अध्याहृत. पण दिग्विजयला सगळं लख्ख ऐकू आलं. वर्षभर ज्याच्यापाशी मन मोकळं केलं, त्यालाच म्हातारा शेवटी विचारत होता, की वाघोलीला जाऊन व्यवहार पक्का करून येऊ या का. आणि या दीडशहाण्याने, राजा जंगलात अडकू नये म्हणून, हं म्हटलं होतं. पुढच्याच शॉटला टेम्पो उभा होता.

त्याने दीपमालाला बोलावून ते ऐकवलं. तिने पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"तुमच्या हंवर आपल्याकडे सोफा आला," ती म्हणाली. "त्यांच्याकडची घोडी गेली." मग तिचं तिलाच ते जास्त झालंसं वाटलं असावं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा पुन्हा गरम करून आणला.

ते एवढंसं हं काढून टाकलं, की फिल्म सभागृहात लागणार होती. पण मग चांदभाईंनी एकट्यानेच ठरवलं असं दिसणार आणि खरा चोर भिंत होऊन मोकळा सुटणार. ठेवलं, तर सर फिल्म परत करणार. एकदा काय ते हो किंवा नाही म्हणायची वेळ आली होती आणि दिग्विजयपाशी होतं ते फक्त हं. काही सुचेना, तेव्हा बाकी सगळी काढून, ते एक तेवढं ठेवून, त्याने लॅपटॉप पाठीला लावला आणि येरवडा गाठलं.

चांदभाई दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शेजारची बिजलीची जागा झाडून स्वच्छ ठेवलेली होती. आयेशाने चहा आणला आणि तीही सासऱ्यांच्या मागे उभी राहून फिल्म बघायला लागली. थोडा वेळ गेल्यावर तिला राहवेना.

"अब्बा, तुम्ही एकटेच बडबडताय असं वाटतंय. लोक काय म्हणतील?"

"एकटा कुठं?" चांदभाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय इथं. तिच्याशीच तर बोलतोय." मग खुशीत दिग्विजयकडे वळून म्हणाले, "हे बेस्ट काम केलंत बघा. तुमचं ते मध्ये मध्ये हं हं चालायचं, ते गेलं. तिला सवय झाली होती त्याची, मला जरा डिस्टर्ब व्हायचं. पण म्हटलं, माणूस चांगला आहे, नाकाचा काही त्रास असेल."

दिग्विजयला आपलं अख्खं वर्ष एका क्षणात दिसलं. माणसं म्हणे त्याच्यापाशी मन मोकळं करतात! वर्षभर डोळ्यांत तेल घालून निरीक्षण केलं, सतराशे साठ गोष्टी टिपल्या, आणि समोरचा माणूस बोलतोय कोणाशी, एवढंच तेवढं बघायचं राहून गेलं होतं. बरं, हसावं तर ती सकाळ अजून यायची होती.

ती आली. पडद्यावरचे चांदभाई म्हणाले, "मग काय, जायचं का वाघोलीला?" आणि हं झालं. दिग्विजयने फिल्म थांबवली.

"चांदभाई, हे माझं आहे," तो म्हणाला. "मी सवयीनं म्हटलं हो. विकाच, असं मला म्हणायचं नव्हतं. तुम्ही माझ्या सांगण्यावरून तिला दिली असेल तर..."

चांदभाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. "तुमच्या सांगण्यावरून? अहो, तुम्हाला विचारलं कोणी? मी तिला विचारत होतो."

दिग्विजयने लॅपटॉप मांडीवर ओढला.

"हिंमतरावांना मी आदल्याच दिवशी शब्द दिला होता," चांदभाई म्हणाले. "तिला सांगायचं राहिलं होतं. रोज ठरवायचो, तोंडच होईना. त्या दिवशी कसंबसं विचारलं. आणि मागून हं आलं." ते थांबले. चहाचा कप त्यांनी खुर्चीखाली ठेवला. "तुमचं असणार, हे काय मला कळत नव्हतं? पण मी मान वळवली नाही. म्हटलं, नको बघायला. तिचंच आहे म्हणू. खरं सांगतो दिग्विजयभाऊ, त्या रात्री झोप लागली मला. नाहीतर लागली नसती."

आयेशा कप उचलायच्या निमित्ताने आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. दिग्विजयला गलबलून आलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नाकातून आवाजही निघाला नाही.

"तिला बघायला गेला होतात का?" शेवटी त्याने विचारलं.

"जाईन ना. पण परत निघताना तिला काय सांगायचं, ते अजून सुचत नाही." मग त्यांनी लॅपटॉपकडे हात केला. "हे हं काढू नका. बाकीचा कचरा काढलात, ते छान झालं."

दिग्विजयने ते ठेवलं. सर फिल्म परत करणार, हे धरूनच तो त्यांच्यासमोर जाऊन बसला. ते हं आलं तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले आणि शेवटी नुसतं "दाखवू या" म्हणाले. सरांचं लक्ष नसावं, असा दिग्विजयने अर्थ काढला आणि देवाला नमस्कार करून टाकला.

फिल्म दाखवायच्या रविवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. कार्यक्रम फुकट होता, त्यामुळे पुणेकर वेळेच्या आधी येऊन शेजारच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून बसले होते. चांदभाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत, शेजारी आयेशा आणि दीपमाला. दिवे गेले, फिल्म सुरू झाली. ती सकाळ आली तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. हं ऐकून एका आजोबांनी मोठा सुस्कारा सोडला.

दिवे लागले आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. "संपूर्ण फिल्ममध्ये ती घोडी काही आवाज करत नाही," त्या म्हणाल्या, "आणि नेमकी त्या एका प्रश्नाला हुंकार देते. माझ्या अंगावर काटा आला. हा क्षण मिळवायला तुम्ही किती वाट बघितलीत?"

टाळ्या झाल्या. समर्थ सरांनी माईक घेतला. "हेच मी शिकवत असतो. भिंत होऊन उभं राहिलात, तर जनावरसुद्धा तुमच्यासमोर बोलतं." आणि माईक दिग्विजयच्या हातात दिला.

दीपमालाने तोंडावर ओढणी धरली होती. खरं सांगावं, तर चांदभाईंची त्या रात्रीची झोप सगळ्यांसमोर उघडी पडणार. खोटं बोलावं, तर निदान चेहरा तरी तसा हवा. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं, तोवर चांदभाईच उठून उभे राहिले होते.

"वाट कसली बघायची, बाई?" ते म्हणाले. "मी विचारलं, ती बोलली. मी तिथंच होतो." मग दिग्विजयकडे वळून, "काय, दिग्विजयभाऊ?"

माईक तोंडाशीच होता.

"हं," दिग्विजय म्हणाला.

तेच ते हं, खोल नाकातून आलेलं, स्पीकरमधून फुरफुरत सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग एकदम सगळ्यांनाच उमगलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसायला लागलं. डोक्यावर चष्मा असलेल्या बाई हसत हसत खाली बसल्या. समर्थ सर दाढीत बोटं घालून जमिनीकडे बघत होते. दीपमाला डोळे पुसत होती, हसूनच पाणी आलं असावं. दिग्विजयच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वर्षभर खपून उभी केलेली भिंत चारचौघांत धाडकन कोसळली होती आणि माईक कुठे ठेवावा, तेही त्याला समजत नव्हतं.

चांदभाई मात्र हसत नव्हते. ते तसेच उभे होते, मान थोडी कलती करून, कोऱ्या पडद्याकडे बघत.

"बघ," ते आयेशाला म्हणाले, "पुन्हा बोलली."